मोजदाद हैदराबादची

मंगळवार, १९ ऑगस्ट २०१४. हैदराबादमध्ये दुकानांची शटर खाली होती, बसगाड्या आगारात उभ्या होत्या, शाळा-कचेऱ्यांना सुट्टी होती. दंगल नव्हती, संचारबंदी नव्हती, सणही नव्हता. लोक आपापल्या घरी रेशनकार्ड, आधारकार्ड, गॅसचं पुस्तक हाताशी ठेवून बसले होते, कारण त्यांना मोजायला माणसं येणार होती. २ जूनला जन्मलेल्या तेलंगण राज्यानं सगळ्या राज्यातल्या सगळ्या कुटुंबांची पाहणी एका दिवसात उरकायचं ठरवलं होतं. ‘समग्र कुटुंब सर्वेक्षण’ असं तिचं नाव. सुमारे चार लाख सरकारी कर्मचारी त्या दिवशी दारोदार फिरले. आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुंबई, भिवंडी, सुरत इथून तेलंगणाकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. भिवंडीच्या यंत्रमागांवर, मुंबईच्या बांधकामांवर राबणारी तेलुगू माणसं मोजलं जाण्यासाठी गावी निघाली होती. यादीत नाव नसलं तर रेशन जाईल, पेन्शन जाईल, उद्या गावात आपलं काहीच उरणार नाही, अशी धास्ती होती.

संध्याकाळपर्यंत एक कोटीच्या वर कुटुंबांची नोंद झाली. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेहून जास्त भरली. त्यात नैसर्गिक वाढ किती आणि एका दिवसापुरते आलेले किती, हे त्या वाढीला विचारून कळत नाही. भिवंडीत मजुरी, भिवंडीत भाड्याची खोली, पण मोजणीत गाव निजामाबाद किंवा करीमनगर. अशा माणसाला कुठला म्हणायचं?

हैदराबादविषयीच्या चकित करणाऱ्या आकड्यांची ओळख करून देताना हा प्रसंग आधी सांगायला हवा, कारण पुढचे बहुतेक आकडे असेच आहेत. ते खोटे नाहीत. मात्र प्रत्येकामागे कुणीतरी विचारलेला एक प्रश्न आहे, उत्तर देणारं कुणीतरी आहे, आणि प्रश्न विचारला गेला तेव्हा घरी नसलेलंही कुणीतरी आहे.

सुरुवात ताटापासून करू. भारताच्या महानिबंधक कार्यालयानं २०१४ साली नमुना नोंदणी योजनेची पायाभूत पाहणी केली. तिच्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांना शाकाहारी की मांसाहारी, असं विचारलं होतं. तेलंगणात ९८.७ टक्के लोक मांसाहारी निघाले, देशात सर्वांत जास्त. शेजारच्या महाराष्ट्रात ४०.२ टक्के शाकाहारी, राजस्थानात ७४.९ टक्के. भारत म्हणजे शाकाहारी देश, असं परदेशात आणि बऱ्याचदा पुण्यातही समजलं जातं. त्या समजुतीला तेलंगणानं दिलेलं उत्तर इतकं एकमुखी आहे की कुठल्या निवडणुकीतही असा निकाल लागत नाही. तरी या प्रश्नाला दोनच रकाने होते, हे विसरून चालत नाही. रोज बिर्याणी खाणारा आणि आषाढात बोनालूच्या सणाला देवीपुढचा कोंबडा प्रसाद म्हणून खाऊन एरवी वरणभातावर राहणारा, दोघे एकाच रकान्यात जातात. बाईनं घरात शिजवणं, बाहेर खाणं, श्रावण पाळणं, गुरुवार सोडणं यांपैकी काहीच त्यात दिसत नाही.

बिर्याणीचे आकडे तर दरवर्षी वर्तमानपत्रांत गाजतात. स्विगी या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीनं २०२४ चा हिशेब मांडला, तेव्हा एकट्या हैदराबादनं तिच्याकडून ९७ लाख बिर्याण्या मागवल्या होत्या. बेंगळुरू ७७ लाखांवर, चेन्नई ४६ लाखांवर. त्याच्या आदल्या वर्षी देशात मागवलेल्या प्रत्येक सहा बिर्याण्यांपैकी एक हैदराबादची होती, आणि शहरातल्या एका ग्राहकानं वर्षात १,६३३ बिर्याण्या मागवल्या होत्या. म्हणजे दिवसाला साडेचार. एका पोटाचं हे काम नव्हे; तो माणूस बहुधा एखादं ऑफिस किंवा वसतिगृह पोसत असावा. पण बातमीत ‘एका हैदराबादीनं’ एवढंच राहिलं. इडलीचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये कंपनीनं सांगितलं की हैदराबादच्या एका ग्राहकानं वर्षभरात सहा लाख रुपयांच्या ८,४२८ प्लेट इडल्या मागवल्या. त्यात मित्रांसाठी, नातेवाइकांसाठी आणि बेंगळुरू-चेन्नईच्या प्रवासात मागवलेल्या प्लेटाही होत्या, हे तिनंच सांगितलं होतं. ते वाक्य फारसं कुणी वाचलं नाही. उलट, लग्नाच्या दावतीत देगा-देगांनी संपणारी बिर्याणी, जुन्या शहरातल्या हॉटेलांपुढे रांग लावून डब्यात भरून नेलेली बिर्याणी, यातली एकही प्लेट या हिशेबात नाही. मोबाइलवर मागवलं तेवढंच मोजलं. म्हणजे खरा आकडा याहून कितीतरी मोठा असणार, आणि तो कुणाकडेच नाही.

बिर्याणीच्या गमतीजमतीत एक आकडा मागे पडतो, आणि तो गमतीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार तेलंगणात ६०.७ टक्के बाळं सिझेरियननं जन्मली. देशाची सरासरी २१.५ टक्के, महाराष्ट्राची २५.४. खासगी दवाखान्यांत तर तेलंगणाचा आकडा ८१.५ टक्के आहे. पाचातली चार बाळं शस्त्रक्रियेनं. सरकारी दवाखान्यांतही ४४.५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ पासून दहा-पंधरा टक्के हे योग्य प्रमाण मानलेलं आहे. त्याच्या चौपटीनं शस्त्रक्रिया होत असतील तर ती राज्यभरातल्या आयांच्या शरीराची गोष्ट आहे, आणि तिची चर्चा बिर्याणीच्या दहाव्या हिश्श्यानंही झालेली नाही.

कारणं विचारली की डॉक्टर मुहूर्ताकडे बोट दाखवतात. पंचांग पाहून, ज्योतिषाकडून वेळ काढून, अमुक दिवशी अमुक वाजता बाळ झालं पाहिजे म्हणून घरचे येतात, हे तिथल्या अधिकाऱ्यांनीही जाहीरपणे मान्य केलं आहे. मुहूर्त हे कारण खरं आहे, पण सोयीचंही आहे. मुहूर्त पाहणारी माणसं महाराष्ट्रातही काही कमी नाहीत. मग फरक कुठून येतो? तेलंगणात जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, ही एक चांगली गोष्ट. पण दवाखान्यात गेलं की कळा सोसत वाट पाहायला वेळ कुणाकडे आहे, हा पुढचा प्रश्न. खासगी आणि सरकारी आकड्यांमधली तफावत पाहिली तर पंचांगापेक्षा बिलाचा कागद जास्त बोलका वाटतो.

त्याच पाहणीत आणखी एक रकाना आहे, दारूचा. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणाऱ्यांचं प्रमाण तेलंगणात ४३ टक्के, अरुणाचल प्रदेशाच्या खालोखाल देशात दुसरं. महाराष्ट्रात ते १४ टक्क्यांच्या आसपास. हे वाचून चेक प्रजासत्ताकाची आठवण होणं साहजिक आहे. तिथं माणशी वर्षाला सव्वाशे लिटरच्या वर बिअर संपते, आणि हा पहिला क्रमांक गेली तीस वर्षं जगात कुणाला हिरावून घेता आलेला नाही. तसा चेक लोकांशी हैदराबादचा जुना संबंधही आहे: शहराच्या पश्चिमेला रामचंद्रपुरमला भेलचा अवजड विजेच्या यंत्रांचा कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला तो चेकोस्लोव्हाकियाच्या तांत्रिक मदतीनं. पण तुलना इथंच थांबवायला हवी. चेक माणूस बिअर पितो हे तो स्वतः अभिमानानं सांगतो. आपल्याकडे दारात आलेल्या अनोळखी माणसाला, घरच्यांच्या देखत, ‘हो, पितो’ म्हणणारे शंभरातले ४३ निघतात, तेव्हा तेलंगणात ते लपवावंसं वाटत नाही एवढं नक्की कळतं. गावोगावच्या ताडी-शिंदीच्या झाडांना आणि ती उतरवणाऱ्या गौड समाजाला तिथं राजरोस स्थान आहे. महाराष्ट्राच्या १४ टक्क्यांत पिणारे किती कमी आणि सांगणारे किती कमी, हे त्या चौदाला ठाऊक.

हैदराबादचा पुण्याशी जो सामना आहे, त्यात आकड्यांनी मोठी मौज केली आहे. मर्सर या परदेशी सल्लागार कंपनीची जगातल्या शहरांच्या राहणीमानाची यादी दरवर्षी येत असे. २०१९ मध्ये तिच्यात २३१ शहरं होती, व्हिएन्ना पहिलं. आणि भारतातली सर्वांत वरची दोन शहरं हैदराबाद आणि पुणे, दोघंही १४३ व्या क्रमांकावर. हैदराबाद तर सलग पाचव्या वर्षी देशात अव्वल. शहरात साहजिकच आनंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केंद्र सरकारनं स्वतःची यादी काढली होती. १११ शहरं, ७८ निकष. तिच्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. आणि हैदराबाद सत्ताविसावं. पुणेकरांना यात काही नवल वाटलं नाही.

एकच शहर सहा-सात महिन्यांच्या अंतरानं पहिलं आणि सत्ताविसावं कसं? मर्सरची यादी कंपन्यांसाठी आहे. परदेशातून येणाऱ्या अधिकाऱ्याला घर कसं मिळेल, मुलांना कुठली शाळा मिळेल, दुकानात ओळखीच्या वस्तू असतील का, यावरून ती भत्ता ठरवायला मदत करते. गच्चीबोलीच्या उंच इमारतीतून पाहिलेलं हैदराबाद तिच्यात दिसतं. सरकारी यादी महापालिकेच्या कागदांवर उभी आहे: पाणी, मैला, कचरा, तक्रारींची दखल. जे कागद नीट भरून पाठवतात त्यांची शहरं त्यात वर जातात, असा संशय घ्यायला जागा आहे. काचीगुड्यात तिसऱ्या मजल्यावर पाण्याची मोटर लावणाऱ्या गृहिणीला विचारून या दोन्हींपैकी एकही यादी बनलेली नाही.

मोजण्याची ही हौस शहराला नवी नाही. १९०१ च्या जनगणनेत हैदराबाद सिकंदराबादसह ४,४८,४६६ वस्तीचं होतं. कलकत्ता, मुंबई, मद्रासच्या खालोखाल हिंदुस्थानातलं चौथं शहर. १९११ मध्ये ते पाच लाखांवर पोचलं. १९२१ मध्ये मात्र चार लाखांच्या जरा वर, म्हणजे दहा वर्षांत पाचातला एक माणूस नाहीसा. प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी हे केलं. हैदराबादकर २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा पूर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली, विश्वेश्वरय्यांचं नाव शहराशी जोडलं गेलं. त्याहून कितीतरी मोठ्या संख्येनं शहर रिकामं करणाऱ्या त्या दशकाची आठवण मात्र तक्त्यातच राहिली. पूर दिसतो, त्याची पातळी भिंतीवर रंगवता येते. तापाची पातळी कुठे रंगवणार?

आणखी मागे गेलं तर हैदराबादच्या एका आकडेवारीनं साऱ्या जगाच्या दवाखान्यांना चुकीच्या वाटेला लावलं, अशीही गोष्ट सापडते. क्लोरोफॉर्म देताना रोगी अचानक दगावत. मरण हृदय थांबल्यानं येतं की श्वास थांबल्यानं, यावर लंडन आणि एडिंबरा यांच्यात वाद होता. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी एडिंबराच्या बाजूचे. त्यांनी १८८८ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की हृदयाला धोका नाही, श्वासावर लक्ष ठेवलं की पुरे. लंडनच्या ‘लॅन्सेट’नं शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन शंकेखोरांनाच बोलावलं. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि पाहुण्यांनीही लॉरींचाच निष्कर्ष उचलून धरला. एवढी मोठी संख्या पाहून वाद मिटल्यासारखा झाला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की कमी मात्रेत दिलेल्या क्लोरोफॉर्मनंही हृदयाचे ठोके बेताल होऊन मरण येऊ शकतं. चारशे प्रयोगांत ते दिसलं नव्हतं. या साऱ्या खटाटोपातून टिकाऊ असं जे निघालं ते वेगळंच: त्याच मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या पारशी डॉक्टर रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याचं काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक ठरल्या.

आता मराठी वाचकाला जवळचे आकडे. निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. लोकसंख्या १९४१ मध्ये एक कोटी त्रेसष्ट लाख. त्यातले निम्म्याहून थोडे कमी तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी बोलणारे, आणि उर्दू मातृभाषा सांगणारे शेकडा दहा-बारा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालं ते या दहा-बारा टक्क्यांच्या भाषेत सगळी विद्या शिकवण्यासाठी. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि काळाच्या पुढचा प्रयोग होता, हे मान्य करूनही, राज्यातल्या चार घरांतल्या एका मराठी घराला तिथं परक्या भाषेत शिकावं लागत होतं, आणि तेलुगू धरले तर तीन घरांना, हे आकडाच सांगतो. मराठी मंडळींनी त्याआधी, १९०७ मध्ये, विवेकवर्धिनी शाळा काढली होती. केशवराव कोरटकरांसारखी माणसं तिच्यामागे होती. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं, त्याचे अध्यक्ष होते श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांत जगाची मोजदाद करून नुकताच मोकळा झालेला माणूस या शहराला अध्यक्ष म्हणून मिळाला, हा योग छान म्हणायचा.

आज हैदराबाद जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे शंभरात दोघेही नाहीत. उर्दू आणि तेलुगू सांगणारे मात्र जवळजवळ बरोबरीचे आहेत. देशाच्या पातळीवर चित्र उलटं. २००१ मध्ये तेलुगू तिसरी आणि मराठी चौथी होती: ७ कोटी ४० लाख आणि ७ कोटी १९ लाख. २०११ मध्ये मराठी ८ कोटी ३० लाखांवर जाऊन तिसरी झाली, तेलुगू ८ कोटी ११ लाखांवर राहून चौथी. हैदराबादच्या तेलुगू वर्तमानपत्रांना याचं वाईट वाटलं, मराठीत पेढे वाटण्याइतकं काही झालं नाही. आणि उर्दू? त्या दहा वर्षांत ती बोलणारे ५ कोटी १५ लाखांवरून ५ कोटी ७ लाखांवर आले. आठव्या परिशिष्टातल्या भाषांपैकी घट झाली ती फक्त उर्दूत आणि कोकणीत. हैदराबादच्या गल्ल्यांत फिरणाऱ्याला हे पटणं कठीण. पण जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी बोलली ती. आणि गणना करणारा समोर बसलेला असतो तेव्हा उर्दू सांगायची की हिंदी, हे फक्त आईच्या आठवणीवर ठरतंच असं नाही.

शंभरात दोघांच्या आतल्या त्या मराठीलाही बरेच पदर आहेत. तेलंगणाच्या मागासवर्गीय यादीत ‘ड’ गटात एक नोंद आहे: आरे मराठी, मराठा (ब्राह्मणेतर), अराकली आणि सुरभी नाटकवाले. यांतले सुरभी म्हणजे १८८५ मध्ये कडपा जिल्ह्यात ‘कीचकवधा’पासून सुरू झालेली, घरच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तेलुगू नाटक मंडळी. तिची मुळं मराठी कुटुंबांत आहेत, आणि तेलुगू रंगभूमीचा इतिहास तिच्याशिवाय लिहिता येत नाही. सीमेच्या अलीकडे ज्या आरक्षणासाठी मराठा समाजानं मुंबई अडवून धरली, ते पलीकडे त्याच नावाच्या समाजाला कित्येक वर्षांपासून आहे, हेही महाराष्ट्रात थोड्यांनाच ठाऊक असतं.

आणि मुंबईतलं ते आंदोलनही शेवटी हैदराबादच्या कागदांपाशीच येऊन थांबलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळावं यासाठी मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधत ती हैदराबादपर्यंत गेली, कारण निजामाच्या काळातले दस्त तिथं होते, उर्दूत आणि फसली सनांत. २ सप्टेंबर २०२५ ला, आझाद मैदानावर मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू असताना, महाराष्ट्र सरकारनं हैदराबाद गॅझेटियर विचारात घेण्याचा शासन निर्णय काढला. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी जिल्हावार भरलेले आकडे एका दिवसात लाखो घरांच्या चर्चेत आले. अडचण अशी की गॅझेटियरमध्ये अमुक जिल्ह्यात कुणबी इतके, एवढंच असतं. कुणाचं नाव नसतं. तेव्हा त्या संख्येतला आपला पणजोबा कोणता, हे ठरवायला गावपातळीवर समित्या नेमाव्या लागल्या.

तेलंगणानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा दारं ठोठावली, या वेळी उघडपणे जात विचारण्यासाठी. ३ कोटी ५४ लाख माणसांची नोंद झाली. मागासवर्गीय मुस्लिमांना धरून मागासवर्ग ५६.३३ टक्के, त्यांना वगळून ४६.२५. यातला कुठला आकडा आधी सांगायचा यावरूनच वाद पेटला. शिवाय २०१४ च्या त्या एका दिवसाच्या पाहणीतून मागासवर्ग ५१ टक्के निघाल्याचं सांगितलं जात होतं. मग दहा वर्षांत पाच टक्के माणसं गेली कुठे? अनेक घरांनी, त्यातही हैदराबाद शहरातल्या, माहितीच दिली नव्हती. सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये राहिलेल्यांसाठी पुन्हा मुदत द्यावी लागली. पहिल्या पाहणीला भिवंडीहून गाडीला लटकत आलेली माणसं होती आणि दुसरीला दार न उघडणारी.

रकाना नाकारण्याच्या बाबतीत चेक लोक आणखी पुढे गेले आहेत. तिथल्या जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक असतो. २०११ मध्ये १५,०७० जणांनी आपला धर्म ‘जेडाय’ म्हणजे ‘स्टार वॉर्स’ या सिनेमातल्या योद्ध्यांचा असल्याचं लिहिलं, आणि २०२१ मध्ये तो आकडा २१,५३९ वर गेला. सांख्यिकी कार्यालयानं तो निमूटपणे छापला. भारतात जातीच्या रकान्यात अशी थट्टा करायला कुणी धजावणार नाही. इथं त्या एका शब्दावर फी, नोकरी आणि सरपंचपद ठरतं.

पुढची जनगणना मार्च २०२७ च्या पहिल्या तारखेला धरून होणार आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच तिच्यात सगळ्यांची जात विचारली जाईल, आणि ज्यांना हवं ते मोबाइलवर स्वतःच फॉर्म भरू शकतील. काचीगुड्यातलं कुटुंब तेव्हा मातृभाषेपुढे काय लिहितं, सुरभीचे नट जातीपुढे काय लिहितात, आणि भिवंडीतला पद्मशाली विणकर या खेपेला कुठल्या गावात मोजला जातो, हे त्या तक्त्यांत शोधण्यासारखं असेल.